दम लवकर येतो, नडगीला वेळ द्या

तुम्ही नुकतंच धावायला लागला असाल आणि आठवड्या-दोन आठवड्यांत जिना उतरताना नडगी ठणकायला लागली असेल, तर घाबरून जाऊ नका. नव्याने धावणाऱ्या पुष्कळ जणांना हा त्रास होतो. सैन्यात नव्याने दाखल झालेल्या धडधाकट पोरांनाही होतो. वेळीच थांबलं आणि नीट वागलं, तर तो बराही होतो. जे लोक दुखणं अंगावर काढतात, त्यांचे मात्र महिनेच्या महिने वाया जातात. तसं तुमचं होऊ नये म्हणून हे सांगणं.

आधी हे दुखणं का होतं ते समजून घ्या. ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

धावताना प्रत्येक पावलाला तुमच्या वजनाच्या दुपटी-अडीचपटीएवढा भार एका पायावर येतो. सत्तर किलोचा माणूस असेल, तर दर पावलाला साधारण दीडशे किलोच्या आसपास. दहा मिनिटं धावलात की दीड हजारावर पावलं पडतात, म्हणजे एकेका पायावर सातशे-आठशे वेळा हा भार पडतो. चालण्यात एवढा भार कधी येत नाही. वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्या पायाला तर ही गोष्ट अगदीच नवी असते.

शरीर या भाराशी जुळवून घेतं. पण सगळे अवयव एकाच वेगाने तयार होत नाहीत. दम लवकर येतो. दोन-तीन आठवड्यांतच तुम्हाला वाटायला लागतं, की अरे, आता तेवढी धाप लागत नाही. स्नायूंना थोडा जास्त वेळ लागतो. हाडाला सगळ्यांत जास्त. हाड मजबूत होताना शरीर आधी त्यातला झिजलेला भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवा भरतं. हे एक आवर्तन पुरं व्हायला तीन-चार महिने लागतात. गंमत अशी, की काढण्याचं काम आधी होतं आणि भरण्याचं नंतर. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्या-दीड महिन्यात नडगी उलट थोडी नाजूकच झालेली असते. नेमका त्याच वेळी तुमचा दम वाढलेला असतो, हुरूप आलेला असतो, आणि तुम्ही एक फेरी जास्त मारता. घर बांधताना स्लॅब टाकला की त्यावर पाणी मारत आपण थांबतोच ना, तेवढंच थांबणं इथे हवं.

म्हणून माझं सगळं सांगणं एवढंच आहे. किती धावायचं हे दमाला विचारू नका, पायाला विचारा. आणि पायाला विचारायचं कसं, ते पुढे सांगतो.

पलंगाच्या कडेवर बसा. पाय सैल सोडा. गुडघ्याखाली पुढच्या बाजूला जे हाड हाताला लागतं, ती नडगी. तिची आतली कड, म्हणजे दुसऱ्या पायाकडची बाजू, अंगठ्याने चाचपत गुडघ्यापासून घोट्यापर्यंत खाली या. हलका दाब द्या, जोर नको. खालच्या अर्ध्या भागात चार बोटं रुंदीएवढ्या किंवा त्याहून लांब पट्ट्यात दुखरेपणा लागला, तर हे नव्या धावणाऱ्याचं नेहमीचं नडगीचं दुखणं असण्याची शक्यता जास्त. पण एकाच जागी, एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी जोराची कळ आली, तर धावणं तिथेच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे चांगला आला’ एवढ्यावर धावायला लागू नका. दुखणं तसंच असेल तर डॉक्टरांना ते पुन्हा सांगा. गरज वाटली तर ते एमआरआय करायला सांगतील.

आणखी काही खुणा लक्षात ठेवा. रात्री झोपेत किंवा नुसतं बसलं असतानाही हाड ठणकतं. लंगडत चालावं लागतं. धावताना पोटरी दगडासारखी ताठते आणि पावलाला मुंग्या येतात. एकच पोटरी सुजते, गरम लागते, लाल होते. यातलं काहीही झालं तर घरच्या घरी तेल-हळद करत बसू नका. शेवटची खूण तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची आहे, कारण पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल तर ती थांबण्याची गोष्ट नव्हे.

आता साधं नडगीचं दुखणं असेल, तर काय करायचं?

धावणं बंद करा. चालतानाही दुखत असेल तर चालणंही कमी करा. अंथरुणाला खिळून राहायची गरज नाही. सायकल चालवता येईल, पोहता येत असेल तर पोहता येईल. यात दमही टिकतो आणि नडगीवर भारही येत नाही. संध्याकाळी बर्फ रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका. आजी तेल लावून देते म्हणाली तर पोटरीला हलक्या हाताने लावून घ्या, बरं वाटतं. हाडावर मात्र जोरजोरात चोळायला देऊ नका.

दुखण्याची गोळी खाऊन धावायला जाणं ही सगळ्यांत वाईट सवय. गोळीने कळ दबते, हाड काही बरं होत नाही. कळ ही तुम्हाला थांबवायला आलेली असते. तिचं तोंड बंद केलंत तर चीर वाढत जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही.

परत सुरुवात कधी करायची? सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल दुखत नाही, जिना चढता-उतरता येतो, अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या दिवशी काही वाटत नाही, आणि अंगठ्याने चाचपल्यावर दुखरेपणा जवळजवळ गेलेला आहे. एवढं सगळं जमलं की मग. याला काही जणांना दोन-तीन आठवडे लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. आणि परत सुरू करताना सोडलं होतं तिथून सुरू करायचं नाही, बरंच मागून सुरू करायचं.

ज्यांना अजून काही दुखत नाही, ज्यांनी कालच बूट आणलेत, त्यांनी खरं तर इथून पुढचं नीट वाचावं.

पहिले दोन आठवडे धावूच नका. भरभर चाला. रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. तुम्हाला वाटेल, हे काय, चालायला तर येतंच. येतं, पण पायाला ही पूर्वतयारी हवी असते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवलं. स्टीपलचेसकडे तो वळला सैन्यात गेल्यावर. पण लहानपणी घर ते शाळा ही काही किलोमीटरची वाट तो रोज पायी तुडवत होता. त्याच्या हाडांचा पाया तिथे घातला गेला. आपल्यापैकी बहुतेकांची शाळा रिक्षाने आणि नोकरी खुर्चीत झालेली असते, म्हणून आपल्याला निदान दोन आठवड्यांचं चालणं तरी हवं.

त्यानंतर थोडं धावणं, थोडं चालणं. १९९६ साली अमेरिकेत जॉश क्लार्क नावाच्या तरुणाने नवख्यांसाठी नऊ आठवड्यांचा एक क्रम आखला. आपल्या आईलाही जमेल असा तो असावा, हा त्याचा विचार होता. त्याचा पहिला आठवडा असा आहे: पाच मिनिटं भरभर चालायचं, मग एक मिनिट हळू धावायचं आणि दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस. बस्स. मंगळवार, गुरुवार, शनिवार धरा, म्हणजे मध्ये एकेक दिवस हाडाला विश्रांती मिळते.

एक मिनिट ऐकायला अगदी कमी वाटतं. तरी तेवढंच धावा. पुढच्या आठवड्यात दीड मिनिट, मग दोन, मग तीन. कुठलाही आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. त्यात कमीपणा काही नाही. नऊ आठवड्यांचे अठरा झाले तरी चालतील. वय पन्नाशीच्या पुढे असेल किंवा वजन जास्त असेल, तर अठराच बरे. चार-पाच महिन्यांनी तुम्ही न थांबता वीस-पंचवीस मिनिटं धावत असाल, आणि पाय शाबूत असतील.

वाढवायचं ते एका वेळी एकच. वेळ वाढवली तर वेग वाढवू नका. चढ घेतलात तर त्या आठवड्यात वेळ तेवढीच ठेवा. रोजच्या मैदानाऐवजी पुण्यातल्या पर्वती किंवा तळजाईच्या टेकडीवर जायचं ठरवलंत, तर पहिले काही दिवस चढ चालत चढा आणि उतारही चालतच उतरा. उतारावर नडगीला फार हिसके बसतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

वेग किती ठेवायचा? धावता धावता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. ‘काल आमच्याकडे पाहुणे आले होते’ एवढं एका दमात म्हणता आलं तर वेग बरोबर. दोन शब्दांत धाप लागली तर हळू करा. बाजूने चालणारे काका तुमच्या पुढे गेले तरी हळू करा. या हळू धावण्यानेच दम वाढतो. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं. रोज छाती फुटेस्तोवर धावणाऱ्याला दोन आठवड्यांत कंटाळा येतो, नाहीतर दुखणं येतं. श्वास नाकाने घ्यायचा की तोंडाने, यावर मैदानावर फार चर्चा चालते. दोन्हींनी घ्या. वेग बरोबर असला की श्वास आपोआप बसतो.

आता पाऊल कसं टाकायचं ते सांगतो, कारण नडगीचा बराच त्रास तिथून येतो. नवखा माणूस लांब ढांगा टाकतो. पाय अंगाच्या पुष्कळ पुढे पडतो, टाच आपटते आणि सगळा हिसका नडगीत जातो. पावलं छोटी टाका, थोडी भरभर टाका. पाय अंगाच्या खाली पडावा. हे तपासायची सोपी रीत आहे. तीस सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजा. समजा सदतीस आले, तर त्याच वेगात ते एकोणचाळीस-चाळीस होतील इतकी पावलं आखूड करा. एकदम पंचेचाळीसवर जायचा हट्ट नको. आणि कान द्या. तुमच्या पावलांचा धप-धप आवाज दहा हातांवर ऐकू येत असेल, तर पाऊल जड पडतंय.

बुटांबद्दल थोडक्यात. महागच हवेत असं नाही, पण धावण्यासाठी बनवलेले हवेत. ऑफिसचे, कॅनव्हासचे किंवा मुलाचे जुने चालणार नाहीत. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. धावताना घालणार तेच मोजे घालून बघा. उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे. दुकानातच चार पावलं धावून बघा. पायाला जो बरा वाटेल तोच घ्या. विकणारा काहीही सांगो, पायाचंच ऐका. एक जोडी साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर जाते. आठवड्याला बारा किलोमीटर धावणाऱ्याला ती साधारण वर्षभर पुरते. तळ एका बाजूने झिजला, हाताने दाबल्यावर गादी पूर्वीसारखी दबत नाही असं वाटलं, की बूट भाजी आणायला ठेवा आणि नवे घ्या.

मातीचं सपाट मैदान मिळालं तर उत्तम. मुंबईकरांना शिवाजी पार्क आहे, कोल्हापूरकरांना रंकाळ्याचा काठ आहे. तुमच्या गावात शाळेचं मैदान असेल. सिमेंटचा रस्ता सोडून सपाट डांबरी रस्ता मिळत असेल तर तो घ्या. रस्त्याच्या कडेला उतार असतो, तिथे रोज एकाच बाजूने धावलात तर एकच पाय दुखायला लागेल. समुद्रकिनाऱ्याचंही तेच, तिथेही जमीन तिरकी असते, आणि कोरड्या वाळूत पोटरी फार ओढली जाते. मैदानाला फेऱ्या मारत असाल तर निम्म्या उलट्या दिशेने मारा.

पोटरी बळकट झाली की नडगीचा बराच भार ती उचलते. यासाठी जिमला जायला नको. सकाळी दूध तापत ठेवलं की ओट्याला हात धरून उभे राहा. दोन्ही टाचा सावकाश वर उचला, क्षणभर थांबा, सावकाश खाली आणा. पंधरा वेळा. मग गुडघे थोडे वाकवून तेच पंधरा वेळा. वाकवलेल्या गुडघ्याने पोटरीच्या आतल्या स्नायूला काम मिळतं, आणि नडगीच्या आतल्या कडेशी त्याचाच संबंध असतो. मग भिंतीला पाठ टेकून टाचा एक वीतभर पुढे ठेवा आणि चवडे वर उचला, पंधरा वेळा. दूध उतू जायच्या आत सगळं होतं. एक दिवसाआड केलंत तरी चालेल. महिनाभराने दोन्ही पायांऐवजी एकेका पायावर करा.

खाण्याकडे दुर्लक्ष करू नका. वजन कमी करायचं म्हणून धावणंही सुरू आणि जेवणही अर्धं, असं करणाऱ्यांच्या हाडांना भरून यायला काही मिळतच नाही. नाचणीची भाकरी किंवा आंबील, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, दूध-दही, खात असाल तर सुकट, यांत हाडाला लागणारं कॅल्शियम आहे. सोबत डाळ, उसळ, अंडी. ऊन अंगावर घ्या. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे पुष्कळांना असते. पाय सारखे दुखत असतील तर डॉक्टरांना विचारून त्याची तपासणी करून घ्या.

खाण्याचं हे मुलींना आणि त्यांच्या आयांना जास्त आग्रहाने सांगायचं आहे. नडगीचं दुखणं मुलींमध्ये जास्त दिसतं. धावणं वाढलं आणि पाळी लांबली किंवा बंद झाली, तर ते बरं झालं असं मानू नका. शरीराला खाणं कमी पडतंय, हाडं ठिसूळ होण्याच्या वाटेवर आहेत, असा त्याचा अर्थ असू शकतो. लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. घरात पोरगी धावत असेल तर तिच्या ताटात भावाएवढंच वाढा.

चाळिशी उलटली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कोणाला लहान वयात हृदयविकार झाला असेल, तर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना भेटा. धावताना छातीत दाटून आलं, चक्कर आली, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर त्याच क्षणी थांबा आणि सोबतच्याला हाक मारा. म्हणूनच एकट्याने अंधारात जाण्यापेक्षा कोणी बरोबर असलेलं बरं.

शेवटी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना. तुमच्या मनावर १६०० आणि ८०० मीटरचं दडपण असतं, हे मला ठाऊक आहे. जाहिरात आली की पहाटे चारला उठून रोज पूर्ण अंतर जीव तोडून पळायचं, हीच तयारी असं सगळे मानतात. मग चौथ्या आठवड्यात नडगी धरते, गोळ्या सुरू होतात, आणि मैदानी चाचणीच्या दिवशी पोरगं लंगडत उभं राहतं. घरच्यांनी किती आशा लावलेली असते!

तुम्ही जाहिरातीची वाट पाहू नका. ती कधी यायची तेव्हा येवो, तुम्ही आज चालायला लागा. पहिले तीन महिने सावकाश धावा, आठवड्यातून चार दिवस पुरे. वेगाचा सराव त्यानंतर, आणि तोही आठवड्यातून एक-दोनच दिवस. बाकीच्या दिवशी बोलता येईल असं धावणं. अकादमीत सगळ्यांना एकच सराव देत असतील आणि तुमची नडगी दुखत असेल, तर सरांना स्पष्ट सांगा, ‘सर, आज पाय दुखतोय, मी सायकल चालवतो.’ चांगले सर ऐकतात. रागावले तरी त्या दिवशी धावू नका. दुखऱ्या पायावर मारलेली एक फेरी पुढच्या महिन्याभराच्या फेऱ्या घेऊन जाते.

आणि आईवडिलांनो, पोरगा दोन दिवस मैदानावर गेला नाही म्हणून आळशी म्हणू नका. आधी त्याला पलंगाच्या कडेवर बसवा आणि नडगी कुठे दुखते ते विचारा.